विद्येचे आवार सुंदर कशाने होते?



मालेच्या चालकांनी हा विषय सुचवला तेव्हा आम्ही त्यांना स्पष्टच म्हटले की, तुमचा पत्ता चुकला. ज्याने विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी एक दिवसही चढली नाही, त्याने कॉलेजच्या आवाराच्या सौंदर्यावर काय बोलावे? आमचे शिक्षण नववीच्या वर्गात संपले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यांत आमचे वडील होते. संप कधी मिटलाच नाही असे म्हणतात ते खरे आहे. घरातले भांडे-कुंडे गेले, त्याच्या पाठोपाठ आमचे दप्तर गेले. पुढे जे काही वाचले ते ग्रंथसंग्रहालयाच्या शाखेत, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात.

चालक म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. आतल्यांनी पुष्कळदा सांगितले आहे." हे उत्तर आम्हांला पटले. घर कसे आहे हे घरात राहणाऱ्याला जसे ठाऊक असते, तसेच ते बांधणाऱ्या गवंड्याला आणि रोज झाडणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. फरक इतकाच की, त्यांना कोणी विचारत नाही.

आमच्या मनातले विद्येचे आवार म्हणजे मुंबई विद्यापीठाचे फोर्टातले आवार. संपानंतरच्या वर्षांत आम्ही फोर्टातल्या एका कागदाच्या दुकानात पोऱ्या होतो. दुपारच्या सुट्टीत ओव्हल मैदानाच्या कडेला बसून चटणी-भाकरी खात असू आणि समोर राजाबाई टॉवर उभा असे. तासाचे ठोके पडले की उठायचे. आज ज्या वास्तूचा इतिहास सांगायचा, तिची ओळख अशी भाकरीच्या फडक्याआडून झाली आहे.

आता इतिहासाकडे वळू. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्या वेळी त्याला स्वतःचे छप्पर नव्हते. परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, एवढेच त्याचे काम. शिकवणे कॉलेजांनी करायचे. पदवीदानाचे समारंभ टाऊन हॉलात होत. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ज्या वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपण सारे चालवीत आहोत, ती १८७५ साली पुण्यात सुरू करणारे हेच रानडे. म्हणजे विद्यापीठाने आपली सर्वांत मोठी माणसे निर्माण केली तेव्हा त्याच्याकडे ना टॉवर होता, ना रंगीत काचांची खिडकी. सौंदर्याविषयी बोलताना ही गोष्ट पहिल्यांदा गाठीला बांधून ठेवावी. इमारत विद्या देत नाही. तर मग इमारतीचा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाला आपण शेवटी येऊ.

इमारतीसाठी पैसा आला तो कापसातून, आणि तोही एका परक्या देशातल्या युद्धामुळे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांकडून कापूस पिकवून घेत आणि तो लँकेशायरच्या गिरण्यांत जाई. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढला. सोन्याचा ओघ लागला. गाद्यांमधला जुना कापूस काढूनही लोकांनी विकला, असे सांगतात. नवनव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या भागांचा सट्टा सुरू झाला. या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाख दिले. पदवीदानाच्या सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख दिले.

पुढे १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि मुंबईचा फुगा फुटला. त्या वर्षाच्या १ जुलैला वायद्यांची मुदत भरली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बेचे दिवाळे वाजले. परंतु विद्यापीठाला दिलेला पैसा विद्यापीठाकडे राहिला. सट्ट्यात आलेला बहुतेक पैसा वाऱ्यावर गेला; जो विद्येला दिला, तो दगड होऊन आजही उभा आहे. दानशूरांचे हे श्रेय आम्ही नाकारत नाही. आमच्या चळवळीतल्या काही मित्रांना भांडवलवाल्याच्या हातचे काहीच चांगले दिसत नाही; तो आंधळेपणा आम्हांला मान्य नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. तेजीत भाव चढले तेव्हा सावकाराने शेतकऱ्याला मोकळ्या हाताने कर्ज दिले. भाव कोसळले तेव्हा कर्ज राहिले आणि सारा वाढला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले. सुप्याच्या बाजारात सावकारांचे खतपत्रांचे कागद जाळले गेले. त्याच सुमारास मुंबईत हा मनोरा चढत होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे म्हणणे मांडले त्याचा मथितार्थ हाच की, सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि त्यावर पोसलेले उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गाचे. हे लिहिणारा माणूस स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारा होता. दगडाला किती घाम लागतो हे त्याला ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे या. आराखडा काढला सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. ते हिंदुस्थानात कधी आले नाहीत. मध्ययुगीन युरोपातला गॉथिक ढंग त्यांनी कागदावर उतरवला आणि कागद बोटीने मुंबईला आला. सभागृह १८७४ साली पुरे झाले. मनोऱ्याचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला आणि काम १८७८ च्या नोव्हेंबरात संपले. उंची २८० फूट. त्या वेळी शहरात याहून उंच काही नव्हते. खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला.

कागदावरचा युरोप मुंबईच्या उन्हापावसात टिकला कसा, हे पाहण्याजोगे आहे. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड लावला. नक्षीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण तो मऊ आणि छिन्नीला मानणारा. कमानींच्या आड खोल ओसऱ्या ठेवल्या, त्यामुळे ऊन आणि पावसाची झड थेट भिंतीवर येत नाही. सभागृहाच्या बाहेरच्या अंगाने उघडे चक्री जिने चढतात. त्यांतून वारा खेळतो. सभागृहाच्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचेच्या बारा राशी बसवल्या आहेत. बाहेर उन्हाचा कहर असला तरी आत निवलेला, रंगीत उजेड पडतो. आमच्या मते त्या आवाराच्या सौंदर्याचे मर्म या उजेडात आणि ओसरीच्या सावलीत आहे, शिखरात नाही. शिखर दुरून बघायचे असते. सावली अंगावर घ्यायची असते.

मनोऱ्यावर आणखी एक नवल आहे, आणि ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वरच्या मजल्यांच्या कोनाड्यांत पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या २४ मूर्ती आहेत. पागोटी निराळी, पेहराव निराळे, चेहरे निराळे. या मूर्तींची घडण केली रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने. लंडनच्या स्कॉटसाहेबाच्या कागदावर आपल्या मुलखाची माणसे चढवून बसवली ती याने. आज या वास्तूला जे वेगळेपण आहे ते पुष्कळसे या माणसाच्या हातचे आहे. दात्यांचे नाव इमारतीला लागले, आराखडा काढणाऱ्याचे नाव जगभर झाले, मुकुंद रामचंद्राचे नाव निदान पुस्तकांत राहिले. परंतु ज्यांनी नऊ वर्षे दगड फोडला, वाहिला, चढवला, त्या पाथरवटांची, गवंड्यांची आणि डोईवर पाट्या वाहणाऱ्या बायकांची नावे भिंतीवर कोठेही नाहीत. २४ जातींच्या मूर्ती बसवायला जागा मिळाली. बांधणाऱ्यांच्या नावाची एक शिळा बसवायला मिळाली नाही.

मनोऱ्यावर घड्याळ बसले. त्याच्या घंटांवर पूर्वी निरनिराळ्या सोळा चाली वाजत आणि त्यांत इंग्लंडच्या राणीचे स्तवनही असे. घड्याळाविषयी एक दंतकथा आहे ती गोड आहे: राजाबाई दृष्टीने अधू होत्या, जैन व्रताप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, ती वेळ त्यांना घंटेवरून कळावी म्हणून हे घड्याळ. कथा खरी असो वा नसो, आईला वेळ कळावी ही कल्पना आम्हांला आवडते. पण त्याच शहरात, त्याच वेळी, लाखांच्या दिशेने वाढणारा एक कामगारवर्ग होता आणि त्याला घड्याळ नव्हतेच. गिरणी सूर्योदयाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पहिला फॅक्टरी कायदा झाला १८८१ साली, आणि त्याने काय केले? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ठरवले. म्हणजे सात वर्षांचे पोर नऊ तास राबले तर ते कायदेशीर. मोठ्यांसाठी तर मर्यादाच नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. मनोऱ्याचे घड्याळ त्यापूर्वी वर्षानुवर्षे वाजत होते. घड्याळ सर्वांना ऐकू येत होते, वेळ मात्र थोड्यांच्याच मालकीची होती.

कोणी म्हणेल, हा आमच्याच देशाचा, परक्या राज्याचा दोष. म्हणून थोडे दूर जाऊ. ज्या अमेरिकेच्या कापसाने मुंबईचा मनोरा बांधला, त्याच अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात एक विद्यापीठ आहे. जगातल्या अत्यंत देखण्या आवारांत त्याची गणना होते; १९८७ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याचा आराखडा काढला थॉमस जेफरसन याने. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आणि राष्ट्राध्यक्षपद भूषवलेला हा पुरुष. स्वतःच्या थडग्यावर काय लिहावे ते त्याने आधीच सांगून ठेवले होते. त्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख नाही, विद्यापीठाचा जनक हा आहे.

त्याची कल्पना मोठी सुंदर होती. एकच अवाढव्य वाडा बांधू नये, विद्येचे गाव वसवावे. मध्ये लांबरुंद हिरवळ. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिळून अध्यापकांची दहा घरे. वर अध्यापक राहील, खाली वर्ग भरेल. घरांच्या मध्ये विद्यार्थ्यांच्या ५४ खोल्या आणि सर्वांना जोडणारी एक सलग ओसरी, म्हणजे पावसातही गुरूच्या दारी कोरड्या पायाने जाता यावे. हिरवळीच्या माथ्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रार्थनामंदिर असायचे. जेफरसनने तेथे घुमटाचे ग्रंथालय बसवले. रोममधल्या पँथिऑनच्या निम्म्या मापाचा तो घुमट. मागच्या बागांना नागमोडी भिंती आहेत. त्या वळणांमुळे एका विटेच्या जाडीची भिंतही पडत नाही. सरळ बांधली असती तर अधिक विटा लागल्या असत्या. काटकसर आणि शोभा एकाच रेषेत आणणे याला आम्ही खरी कारागिरी म्हणतो.

पायाचा दगड १८१७ साली बसला, वर्ग १८२५ साली सुरू झाले. पण त्या विटा कोणी पाडल्या? गुलामांनी. जमीन सपाट केली, माती तुडवली, भट्ट्या लावल्या, लाकूड कापले, पुढे विद्यार्थ्यांचे पाणी भरले, खोल्या झाडल्या, अन्न रांधले, ते गुलामांनी. १८१७ पासून १८६५ साली गुलामगिरी जाईपर्यंत तेथे राबलेल्या माणसांची संख्या सुमारे चार हजार धरली जाते. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या हाताने काढलेला आराखडा, आणि विकत घेतलेल्या माणसांनी बांधलेले गाव. हेन्री मार्टिन नावाचा एक गृहस्थ, जन्माने गुलाम, गुलामगिरी गेल्यावर अनेक वर्षे तेथे घंटा वाजवण्याचे काम करीत होता. विद्यापीठाचा दिवस त्याच्या हाताने सुरू होई, परंतु त्याच्या रंगाच्या माणसाला त्या वर्गात बसता येत नव्हते. पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला, ग्रेगरी स्वॉन्सन याला, प्रवेश मिळाला तो १९५० साली, आणि तोही कोर्टाची पायरी चढून.

या गोष्टीचा शेवट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथल्या विद्यार्थ्यांनी चिकाटीने मागणी लावून धरली की, बांधणाऱ्यांचे स्मारक करा. २०२० साली ते पुरे झाले. दगडाचे एक मोठे, एका बाजूने उघडे कडे. त्याच्या आतल्या अंगावर चार हजार खुणा कोरल्या आहेत. ज्यांचे नाव सापडले त्यांच्या खुणेवर नाव आहे. ज्याचा नुसता धंदा सापडला किंवा नाते सापडले, तेथे तेवढेच. बाकीच्या खुणा रित्या आहेत. नाव सापडले नाही हेसुद्धा त्यांनी कोरून ठेवले. दोनशे वर्षे ते आवार देखणे होतेच. आमच्या मते ते पुरते सुंदर झाले ते या रित्या खुणांनी.

असो. निव्वळ दोष दाखवून थांबणे आम्हांला पसंत नाही. बांधणारा आणि शिकणारा एकच असेल असे आवार कोणी उभे केले की नाही? केले, आणि ते आपल्याच मुलखात केले. कर्मवीर भाऊराव पाटील तरुणपणी किर्लोस्करांच्या नांगरांचा खप करीत खेडोपाडी हिंडत. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. बोधचिन्ह घेतले वडाचे. पुढे साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. मुले एका पंक्तीला जेवत आणि जेवण रांधण्यातही हात लावत. एकदा मुलांच्या पोटाला द्यायला काही उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकायला काढून दिले. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 'कमवा आणि शिका' हा तेथला दंडक. शेतात, खोदाईत, बांधकामावर विद्यार्थ्याने राबायचे आणि त्या श्रमावर शिकायचे. त्या इमारतींना ना रंगीत काच, ना कोनाड्यात मूर्ती. परंतु ज्या मुलाने आवारातला दगड उचलला आणि झाडाला पाणी घातले, त्याला आवारात पाहुणा असल्यासारखे कधी वाटले नाही.

दुसरे उदाहरण औरंगाबादचे, ज्याला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेथे कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्याच्या आवाराला नाव दिले नागसेनवन. नागसेन हे भिक्षू आणि मिलिंद हा त्यांना प्रश्न विचारणारा राजा. राजाने प्रश्न विचारावे आणि भिक्षूने उत्तरे द्यावीत, असा ग्रंथ या नावांमागे उभा आहे. ज्या समाजाच्या मुलांना शाळेत वर्गाबाहेर बसवले जाई, त्यांच्यासाठी काढलेल्या आवाराला वनाचे आणि संवादाचे नाव द्यावे, यात सौंदर्याची केवढी समज आहे पाहा! नाव फुकट मिळते, त्याला दगड लागत नाही. पण त्या नावाखालून जाणाऱ्या मुलाची मान सरळ होते.

पुण्याचेही एक उदाहरण ओझरते सांगतो. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला हा परक्या सत्तेच्या थाटाचा कळस. २२ जून १८९७ च्या रात्री तेथल्याच समारंभाहून परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. १९४९ साली पुणे विद्यापीठ झाले आणि तो वाडा विद्यापीठाचा झाला; २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. दगड तेच, मनोरा तोच, झाडे तीच. आत कोण जाऊ शकतो हे बदलले आणि वास्तूचा चेहरा बदलला.

आता थोडे आमचे. ही गोष्ट पंधरा-एक वर्षांपूर्वीची आहे. शहराचे आणि कॉलेजाचे नाव आम्ही सांगणार नाही. कोणाला लाजवण्याचा हेतू नाही. त्या कॉलेजाचे आवार खरोखर नजर ठरू नये असे. गुलमोहर, बकुळ, फरसबंद वाटा, झाडांखाली सिमेंटची बाके. झाडलोट कंत्राटावर. तेवीस बाया पहाटे साडेपाचला येत आणि विद्यार्थी यायच्या आत सारे लख्ख करीत. त्या आमच्या युनियनमध्ये आल्या. आम्ही नेहमीच्या सवयीने मागण्यांचा कागद तयार केला: किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा. कागद वाचून दाखवला आणि अंगठे-सह्या घ्यायला लागलो. त्यांतल्या सर्वांत वडील मावशी गप्प बसून होत्या. आम्ही विचारले, "मावशी, काही राहिले का?"

त्या म्हणाल्या, "दादा, बाग लई छान हाय. पण आम्ही ती बसून कधी बघितली न्हाई. बाकावर बसलं की हुसकावत्यात."

तपास केला तेव्हा कळले की, या बायांनी दुपारची भाकरी जिन्याखाली, खराट्यांच्या खोलीशेजारी खायची, असा रिवाज होता. लुगडे बदलायला आडोसा नव्हता. प्यायचे पाणी घरून आणायचे. त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात पाणी, संडास, हातपाय धुण्याची सोय हे सारे लिहिलेले होते. पण कायद्याचे पुस्तक जिन्याखाली पोचले नव्हते. आणि खरे सांगायचे तर आमच्या मागण्यांच्या कागदातही ते नव्हते. तीस वर्षे चळवळीत काढू पाहणाऱ्या माणसाला पगाराचे आकडे दिसले, बाक दिसले नाही. ती आमची चूक होती आणि ती त्या मावशींनी दाखवली.

लढा दीड वर्ष चालला. कंत्राटदार बदलला आणि त्या बदलात चौघींचे काम गेले; त्यांना आम्ही परत आणू शकलो नाही, ही बोच कायम आहे. पाण्याचा नळ मिळाला, एक खोली मिळाली. ती कशी मिळाली? कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी आपण होऊन सह्यांचा अर्ज दिला आणि एका सकाळी ते स्वतः या मावशींना घेऊन बागेतल्या बाकांवर जाऊन बसले. घोषणा नाही, फलक नाही. नुसते बसले. रखवालदार आला, पाहून परत गेला. त्या दिवशी आम्हांला वाटले, हे आवार आज सुंदर झाले. गुलमोहर काल जितका लाल होता तितकाच आजही होता.

तेव्हा चालकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. आवार सुंदर होण्यास पहिल्यांदा सावली, वारा आणि मापात बांधलेली भिंत लागते. हे ज्ञान स्कॉटपाशी होते, जेफरसनपाशी होते आणि आपल्या वाडे बांधणाऱ्या गवंड्यांपाशीही होते. दुसरे, बांधणाऱ्याची आठवण लागते, मग ती नुसती रिती खूण का असेना. तिसरे, उघडे फाटक लागते. चौथे, रोज झाडणाऱ्याला तेथे घटकाभर बसण्याचा हक्क लागतो. पहिली गोष्ट पैशाने मिळते. उरलेल्या तिन्हींना पैसा फारसा लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा त्या राहून जातात.

सुरुवातीला प्रश्न बाजूला ठेवला होता: रानडे-भांडारकर इमारतीवाचून घडले, तर इमारतीचा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर आम्हांला ओव्हल मैदानाच्या कडेला मिळाले. ज्यांच्या घरी चार पिढ्यांची विद्या आहे त्यांना कदाचित इमारत लागत नाही. परंतु ज्या पोराच्या घरी पुस्तक नाही, त्याला विद्या ही काहीतरी मोठी, उंच, मान वर करून बघण्याजोगी वस्तू आहे हे सांगणारे कोणीतरी लागते. आम्हांला ते त्या मनोऱ्याने सांगितले. आत कसे जायचे एवढे मात्र त्याने सांगितले नाही. ते सांगणे माणसांचे काम आहे.

२०१८ साली मुंबईतल्या त्या वास्तूंचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता त्या मनोऱ्याची निगा जग पाहील. आपल्या गावातल्या शाळा-कॉलेजांची निगा आपण पाहायची आहे. उद्या सकाळी त्यांच्या फाटकावरून जाल तेव्हा इमारत जरूर पाहा. आणि झाडणारी बाई दुपारी कोठे बसते, तेही एकदा विचारा. तिने बोट दाखवलेली जागा आपल्याला पाहवली, तर ते आवार सुंदर आहे असे खुशाल म्हणा.